चौकोनाचा जीव कोपऱ्यात

आपल्याकडे क्रोशाची सुई नवी नाही. रुखवतात मांडलेले तोरण, ताटावर झाकायचा जाळीदार रुमाल, टीव्हीवर पसरलेला पांढरा गोल, यांतले काही ना काही प्रत्येक घरात कुणीतरी विणलेले असते. पण ते काम बारीक सुतीदोऱ्याचे. लोकरीचे रंगीत चौकोन विणून, ते जोडून पांघरूण करायचे, हा त्याच सुईचा दुसरा संसार. या चौकोनाला ‘ग्रॅनी स्क्वेअर’ म्हणतात, म्हणजे आजीबाईंचा चौकोन. शिकागोहून निघणाऱ्या ‘प्रेअरी फार्मर’ या शेतकऱ्यांच्या नियतकालिकात १८८५ साली असा चौकोन छापून आला होता. त्याची मुळे गोधडीच्याच विचारात आहेत: उरलेसुरले फेकायचे नाही, तुकड्याला तुकडा जोडायचा.

नवशिक्याला हा चौकोन आवडतो, कारण तो एका बैठकीत संपतो. दीडशे चौकोनांचे पांघरूण म्हणजे दीडशे छोटी कामे. त्यात एकच गोष्ट नीट सांभाळावी लागते, ती म्हणजे कोपरा. चौकोन बिघडला की दोष दहापैकी आठ वेळा कोपऱ्यात सापडतो. म्हणून पुढे प्रत्येक टप्प्यावर आपण कोपऱ्याकडे परत परत येऊ.

लोकर निवडताना

पहिल्या पांघरुणासाठी मध्यम जाडीची लोकर घ्यावी. वेष्टनावर ‘डीके’ किंवा ‘८ प्लाय’ असे लिहिलेले असते. प्लाय म्हणजे मुळात दोऱ्यातले पदर, पण बाजारात तो आकडा जाडीची खूण म्हणूनच वापरतात. फार बारीक लोकरीत टाके दिसत नाहीत आणि फार जाड लोकरीचे पांघरूण उचलवत नाही.

ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धाग्याची लोकर स्वस्त असते, घरी धुता येते आणि तिला कसर लागत नाही. खरी लोकर जास्त ऊबदार, पण तिला जपावे लागते. मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत सुती धाग्याचे पांघरूण अंगाला बरे वाटते, मात्र ते वजनाला जड होते.

रंग सात-आठ घ्यावेत, पण जोडण्यासाठी आणि शेवटच्या फेरीसाठी एकच रंग ठरवावा आणि त्याचे सगळे गुंडे एकदम आणावेत. वेष्टनावर रंगाच्या घाण्याचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या मालाचा क्रमांक असतो. महिन्याने तोच रंग आणायला गेलो आणि घाणा वेगळा निघाला, तर फरक दुकानातल्या दिव्याखाली दिसत नाही. घरी उन्हात ठेवल्यावर दिसतो.

सुई

घरातल्या जुन्या डब्यात पोलादी बारीक सुया असतील, तर त्या सुतीदोऱ्याच्या आहेत. लोकर त्यांच्या आकड्यात मावत नाही. शिवाय त्यांचे क्रमांक उलटे चालतात: क्रमांक जितका मोठा, तितकी सुई बारीक. लोकरीच्या सुया ॲल्युमिनियमच्या किंवा प्लास्टिकच्या असतात आणि त्यांवर जाडी मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. डीके लोकरीला ४ मिलिमीटरची सुई पुरते. हात घट्ट असेल, टाक्यात सुई शिरताना अडत असेल, तर ४.५ ची घ्यावी.

याशिवाय कात्री, मोजपट्टी आणि स्वेटर शिवायची बोथट टोकाची जाड सुई लागते. टोकदार सुई लोकरीचे पदर फाडत जाते, म्हणून बोथट.

चार टाके, एवढेच

संपूर्ण पांघरुणात चारच प्रकारचे टाके आहेत. पहिली साखळी. सुईवर सरकती गाठ घ्यायची, आकड्यात दोरा धरायचा आणि गाठीतून ओढायचा. झाली एक साखळी.

दुसरा खांब, म्हणजे उभा टाका. सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा, सुई टाक्याच्या जागेत घालायची आणि दोरा ओढून बाहेर आणायचा. सुईवर आता तीन फास आहेत. दोरा घेऊन दोन फासांतून काढला की दोन उरतात. पुन्हा दोरा घेऊन त्या दोन फासांतून काढला की एक उरतो. खांब उभा राहिला.

तिसरा मुका खांब. यात आधी वेढा घ्यायचा नाही. सुई घालून दोरा ओढला की दोन फास होतात, त्या दोन्हींतून दोरा एकदम काढायचा. हा टाका बुटका असतो. चौथा सरकता टाका: सुई घालायची आणि दोरा टाक्यातून व फासातून एका दमात ओढून घ्यायचा. याला उंची जवळजवळ नसते. फेरी बंद करायला तो उपयोगी पडतो.

इथे एक खड्डा आहे. इंग्रजी नमुने पाहून विणणार असाल तर लक्षात ठेवावे की अमेरिकी आणि ब्रिटिश नावे वेगळी आहेत. आपला खांब अमेरिकेत ‘डबल क्रोशे’, तर ब्रिटनमध्ये ‘ट्रेबल’. अमेरिकेचा ‘सिंगल क्रोशे’, म्हणजे आपला मुका खांब, ब्रिटनमध्ये ‘डबल’ होतो. नमुन्यात कुठेही ‘सिंगल क्रोशे’ हा शब्द दिसला तर तो नमुना अमेरिकी समजावा. हे न पाहता विणले की चौकोन अर्ध्या उंचीचा निघतो आणि आपण उगाच आपल्या हाताला दोष देतो.

मधले वर्तुळ

चार साखळ्या घालायच्या आणि पहिल्या साखळीत सरकता टाका घालून त्यांचे कडे करायचे. पुढचे टाके या कड्याच्या पोकळीत घालायचे, साखळीच्या दोऱ्यात नाही. नवशिक्याची सुई हमखास साखळीत घुसते आणि मग मध्य वाकडा होतो.

सुरुवातीचे टोक किमान १५ सेंटीमीटर लांब सोडावे. ते का, हे चौकोन पूर्ण झाल्यावर कळेल.

पहिली फेरी

तीन साखळ्या घालायच्या. या तीन साखळ्या म्हणजे फेरीतला पहिला खांब. हे मनात पक्के बसवावे, कारण पहिल्या आठवड्यातल्या निम्म्या चुका इथल्या असतात. साखळ्यांना खांब न मानता आपण पुढे आणखी तीन खांब घालतो आणि पहिला गट चौघांचा होतो.

तेव्हा तीन साखळ्यांनंतर कड्यात दोनच खांब. हा झाला तिघांचा पहिला गट. मग दोन साखळ्या, हा कोपरा. पुन्हा तीन खांब, दोन साखळ्या. असे एकूण चार गट आणि चार कोपरे झाले की सुरुवातीच्या तीन साखळ्यांपैकी सर्वांत वरच्या साखळीत सरकता टाका घालून फेरी बंद करायची.

हातातली आकृती अजून गोलसरच दिसेल. घाबरू नये, कोपरे पुढच्या फेरीत उघडतात. फक्त मोजून पाहावे: गट चार, भोके चार. शेवटच्या गटानंतरच्या दोन साखळ्या विसरल्या तर भोके तीनच भरतात.

दुसरी फेरी

रंग तोच ठेवायचा असेल तर आपण कोपऱ्यापासून दोन खांब मागे उभे असतो. त्या दोन खांबांच्या डोक्यावरून एकेक सरकता टाका घालत पुढे जायचे आणि तिसरा कोपऱ्याच्या घरात घालायचा. घर म्हणजे साखळीखालची मोकळी जागा.

आता त्या कोपऱ्याच्या घरात तीन साखळ्या आणि दोन खांब, मग दोन साखळ्या, मग त्याच घरात आणखी तीन खांब. एका कोपऱ्यात दोन गट आणि मध्ये दोन साखळ्या, ही कोपऱ्याची रीत पांघरूण संपेपर्यंत बदलत नाही. यानंतर एक साखळी घालून पुढच्या कोपऱ्यात जायचे आणि तेच करायचे. चार कोपरे झाले की एक साखळी घालून फेरी बंद. एकूण गट आठ.

नवा रंग हवा असेल तर पहिली फेरी बंद करून दोरा कापावा, टोक फासातून ओढून घट्ट करावे आणि नवा रंग दुसऱ्या एखाद्या कोपऱ्यात सरकत्या टाक्याने जोडावा. कोपऱ्यापर्यंत सरकण्याची भानगडच उरत नाही. नवशिक्याला रंग बदलणे अवघड वाटते, पण खरे तर तीच सोपी वाट आहे.

तिसरी आणि चौथी फेरी

तिसऱ्या फेरीत दोन कोपऱ्यांच्या मधोमध एका साखळीचे घर असते. कोपऱ्यात दोन गट, मग एक साखळी, मधल्या घरात तीन खांबांचा एक गट, मग एक साखळी आणि पुढचा कोपरा. मधल्या घरांत एकच गट, कोपऱ्यात दोन, हे सूत्र धरले की पाचवी, दहावी, पन्नासावी फेरीही तशीच विणता येते. पुष्कळ जण तर एकच चौकोन वाढवत नेऊन त्याचेच पांघरूण करतात.

मोजायची एक सोपी खूण आहे. जितवी फेरी, तितके गट एका बाजूला. तिसऱ्या फेरीत प्रत्येक बाजूला तीन गट, चौथ्या फेरीत चार. चारही बाजूंचे आकडे जुळले पाहिजेत. एका बाजूला तीन आणि समोरच्या बाजूला चार असतील तर वर काही करून उपयोग नाही. त्या फेरीपर्यंत उसवावे. क्रोशात सुईवर एकच फास असतो, त्यामुळे उसवणे सोपे. दोरा ओढला की फेरी सुटत येते.

हे सगळे सपाट का राहते, तेही पाहू. खांबांनी सपाट गोल विणायचा तर दर फेरीला सुमारे बारा खांब वाढवावे लागतात. आपल्या चौकोनातही दर फेरीला बाराच वाढतात: पहिलीत १२, दुसरीत २४, तिसरीत ३६, चौथीत ४८. फरक इतकाच, की गोलात ती वाढ सगळीकडे वाटलेली असते आणि चौकोनात ती चार कोपऱ्यांतच होते. म्हणून चौकोनाचा जीव कोपऱ्यात.

बिघडले तर कुठे पाहावे

चौकोन वाटीसारखा खोलगट होत असेल तर कोपऱ्यात दोनऐवजी एकच साखळी पडली आहे का, ते पाहावे. साखळ्या बरोबर असतील तर हात घट्ट आहे, सुई अर्ध्या मिलिमीटरने जाड घ्यावी.

कडा झालरीसारख्या लाटा घेत असतील तर कुठेतरी गट जास्त झाला आहे, बहुधा दोन खांबांच्या मधल्या फटीला घर समजून. घर साखळीखाली असते. खांबांच्या फटीत काही घालायचे नाही.

गट बरोबर, कोपरे बरोबर, तरी चौकोन पिळल्यासारखा एका अंगाला कलतो, असेही होते. यात आपली चूक नसते. खांब मुळातच किंचित कलता असतो आणि सगळ्या फेऱ्या एकाच दिशेने विणल्या की तो कल साचत जातो. उपाय म्हणजे प्रत्येक फेरीनंतर काम उलटवून पुढची फेरी उलट दिशेने विणणे. नाहीतर निदान प्रत्येक फेरी वेगळ्या कोपऱ्यापासून सुरू करावी, म्हणजे जोडही एका ओळीत दिसत नाहीत.

आणखी एक गोष्ट माझ्या स्वतःच्या पहिल्या पांघरुणाने शिकवली. तीस चौकोन झाल्यावर एकावर एक ठेवले, तर वरचे आणि खालचे यांत बोटभर फरक. सुरुवातीला हात आवळलेला होता, नंतर सैलावला. तेव्हापासून मी पहिले पाच चौकोन सरावाचे धरते, सहावा मापाचा ठेवते आणि पुढचा प्रत्येक चौकोन त्याच्यावर ठेवून बघते.

टोके लपवणे

चार रंगांच्या चौकोनाला आठ टोके. दीडशे चौकोनांना बाराशे. हे काम शेवटी करू म्हणून साठवलेली पांघरुणे कपाटात वर्षानुवर्षे पडून राहतात. चौकोन संपला की त्याची टोके त्याच बैठकीत लपवावीत.

टोक बोथट सुईत ओवून त्याच रंगाच्या खांबांच्या पायातून चार-पाच सेंटीमीटर न्यावे, मग शेवटचा टाका सोडून उलट दिशेने परत आणावे आणि पुन्हा एकदा पुढे न्यावे. एकाच दिशेने नेलेले टोक दोन धुण्यांत सुटून वर येते. नुसती गाठ मारून जवळून कापणे तर सर्वांत वाईट, कारण ॲक्रिलिक गुळगुळीत असते आणि गाठ सरकते. १५ सेंटीमीटर टोक सोडायला सांगितले ते यासाठी.

किती चौकोन, किती लोकर

डीके लोकरीचा चार फेऱ्यांचा चौकोन साधारण ९ ते १० सेंटीमीटरचा भरतो, पण आपला मोजूनच घ्यावा. तो १० भरला आणि पांघरूण १०० बाय १५० सेंटीमीटरचे हवे असेल, तर आडवे १० आणि उभे १५, असे १५० चौकोन. रोज दोन केले तर अडीच महिने.

लोकरीचा हिशेब स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर होतो. दहा चौकोन एकदम तोलावेत, म्हणजे एकाचे वजन नेमके कळते. दहांचे ६० ग्रॅम भरले तर दीडशेंचे ९०० ग्रॅम. जोडणी आणि कडेसाठी त्यावर पाचवा हिस्सा आणखी धरावा.

ताणून बसवणे

जोडण्यापूर्वी चौकोन एका मापाचे करून घ्यावेत. थर्माकोलच्या जाड तुकड्यावर किंवा जुन्या गादीवर पेनाने चौकोन आखावा, विणलेला चौकोन ओलसर करून त्या मापाला कोपऱ्यांत टाचण्या टोचून ताणावा आणि वाळू द्यावा. टाचण्या न गंजणाऱ्या हव्यात, नाहीतर प्रत्येक कोपऱ्याला तांबूस ठिपका पडतो. पावसाळ्यात हे वाळायला दोन-दोन दिवस घेते.

ॲक्रिलिकवर इस्त्री मात्र टेकवू नये. उष्णतेने धागा विरघळल्यासारखा लुळा पडतो, चकाकतो आणि पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. वाफेची इस्त्री वरून अंतर ठेवून फिरवली तर चालते.

मांडणी आणि जोडणी

सगळे चौकोन जमिनीवर मांडून पाहावेत. मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करावा. रंग गेले की फिके आणि गडद चौकोन कुठे एकत्र गोळा झाले आहेत ते लगेच दिसते. मांडणी पक्की झाली की प्रत्येक ओळीची चळत करून तिला क्रमांकाची चिठ्ठी लावावी. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर लगोलग.

जोडायची सोपी रीत म्हणजे दोन चौकोन सुलट बाजू आत ठेवून समोरासमोर धरायचे आणि बोथट सुईने काठावरून टाके घालत जायचे. चौथ्या फेरीच्या एका बाजूला १२ खांब आणि ३ साखळ्या, म्हणजे १५ टाके असतात. दोन्ही कोपऱ्यांतली एकेक साखळी धरली तर १७. दोन्ही चौकोनांचा टाक्याला टाका जुळवत गेले की टोकाला काही उरत नाही. अंदाजाने शिवत गेलो तर एकाचा काठ आधी संपतो आणि शिवण गोळा होते. सुईऐवजी क्रोशानेच मुके खांब घालूनही जोडता येते. मग जोडावर उठावदार रेघ येते आणि ती सुलट बाजूलाही शोभते.

आधी सगळ्या आडव्या शिवणी पूर्ण कराव्यात, मग उभ्या. चार चौकोन जिथे भेटतात तिथे भोक राहू नये म्हणून तिरपा एक टाका जास्त घालावा. शिवण फार ओढू नये; लोकर ताणते, शिवण ताणत नाही आणि पांघरूण मध्येच आखडते.

चेन्नईत २०१६ च्या जानेवारीत ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने गिनेस विक्रमासाठी मांडलेले पांघरूण ११,१४८.५ चौरस मीटरचे होते. तेही घरोघरी विणलेले तुकडे एकमेकांना जोडूनच झाले होते.

कड आणि निगा

शेवटी सगळ्या बाजूंनी मुक्या खांबांच्या दोन फेऱ्या घालाव्यात. पांघरुणाच्या चार कोपऱ्यांवर एकाच घरात तीन मुके खांब घालायचे, नाहीतर कोपरा आत वळतो. कोपऱ्याचे काम इथेही सुटत नाही.

धुताना सौम्य साबण आणि गार पाणी घ्यावे, पिळू नये, दाबून पाणी काढावे. दोरीवर वाळत घालू नये; पाण्याच्या वजनाने पांघरूण लांबते आणि चौकोनांचे आयत होतात. चादर अंथरून त्यावर सावलीत पसरावे. बाळासाठी विणणार असाल तर लोकर मऊ घ्यावी आणि फेऱ्या दाट विणाव्यात, कारण बोटे जाळीत अडकतात. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना सैल पांघरूण घालूच नये. बसायला, कुशीत घ्यायला ते वापरावे.

आज संध्याकाळी दोन रंगांची उरलेली लोकर मिळाली तरी सुरुवात करता येईल. पहिला चौकोन वाकडाच होईल. तो टाकून देऊ नये. चहाच्या कपाखाली ठेवावा. दीडशेवा चौकोन विणून झाला की त्याच्याशेजारी ठेवून पाहावा आणि दोघांचे कोपरे मोजावेत. चार आणि चारच भरतील.